शब्दाबाहेरच्या अक्का

अक्का,

परवा डेअरीच्या ओट्यावर तुमची शोकसभा झाली. चेअरमन साहेब बोलायला उभे राहिले, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "अक्का आमच्या शब्दाबाहेर कधी गेल्या नाहीत." बायकांची चुळबुळ एकदम थांबली. तुमची सून सुमन माझ्या शेजारी बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, पुन्हा रडू आलं. वाकून बघितलं तर ती हसू दाबत होती.

साहेब खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. त्यांना तुमच्याबद्दल मनापासून आदर होता. पण गेलेल्या माणसाला उठून 'असं मी कधी म्हटलं?' असं विचारता येत नाही, आणि तुम्ही तर आयुष्यभर तेच विचारत आलात. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. पेपर मी वाचायची, तुम्ही ऐकायच्या. आजही तसंच समजा. कुठं चुकलं तर नेहमीसारखं मधेच थांबवा.

आपली ओळख दुष्काळातली. मी लग्न होऊन खालच्या वस्तीत, बौद्धांच्या आळीत, नवीनच आले होते. तुमचं घर वरच्या अंगाला, दारात बैलजोडी, विहीर, मागं कडब्याची गंज. एरवी तुमची माझी गाठ पडायचं कारणच नव्हतं. त्या वर्षी विहिरी खडखडीत झाल्या, बैल गेले, आणि मोठ्या घरच्या बायकाही तोंडावर पदर ओढून पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या उचलायला आल्या. तुम्ही त्यातल्या एक. दुपारी खायला सुकडी वाटली की तुम्ही बाभळीच्या एका अंगाला बसायच्या, आम्ही दुसऱ्या अंगाला. तेवढं मात्र दुष्काळातही पाळलं जायचं.

तेव्हाच ते महाराज आले. तेरणेच्या कोरड्या पात्रात कीर्तनाचा मांडव घातला. सगळं काम बंद करून मुकादमासकट माणसं तिकडं गेली. आम्हीही गेलो, मागं, मांडवाच्या बाहेर उभ्या राहिलो. महाराजांचा आवाज गोड होता. बोलता बोलता ते म्हणाले, पाऊस उगाच जात नाही, या गावात काही लोकांनी आपले देव सोडले, देव्हारे नदीत बुडवले, त्याचा हा कोप आहे. माना मागं वळल्या. सगळा मांडव आमच्याकडं बघत होता. माझ्या सासूनं माझा दंड घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी टँकर येणार होता आणि आम्हाला पाणी भरू देतील की नाही हे त्या बघण्यातच कळत होतं.

तेवढ्यात तुम्ही उभ्या राहिलात. पुढं बायकांत बसला होतात तिथूनच हात जोडले आणि विचारलं, "महाराज, यांनी देव सोडले त्याला लई वरसं झाली. त्येच्यानंतर तर दांडगा पाऊस पडला की. पुरात आमच्या कडब्याची गंज व्हावून गेली. तवा देव काय इसरला व्हता का?"

कुणीतरी खुसकन हसलं. महाराज रागावले नाहीत. बाई, श्रद्धा असावी, असं समजावणीच्या सुरात म्हणाले. तुम्ही हात जोडलेलेच होते.

"श्रद्धा हाय," तुम्ही म्हणालात, "म्हणून तर इचारतीय."

दुसरा अभंग सुरू झाला आणि माना पुन्हा पुढं वळल्या. टँकर आला, आम्ही पाणी भरलं. कुणी अडवलं नाही. कामावर मी धीर करून तुमच्याजवळ आले आणि म्हणाले, अक्का, तुमचे उपकार झाले. तुम्ही पाटी डोक्यावर घेत होता. माझ्याकडं न बघता म्हणालात, तुझ्यासाठी नाही विचारलं, मला पटलं नाही म्हणून विचारलं.

तेव्हा ते मला लागलं होतं. आता वाटतं, माझ्यासाठी विचारलं असतंत तर ते त्या दिवसापुरतं झालं असतं.

पुढं चांगली वर्षं आली. चेअरमन साहेबांनी खटपट करून गावात दूध सोसायटी आणली. तुमचे मालक वारले होते, म्हणून सभासद म्हणून तुमचंच नाव लागलं. माझे हे एसटीत नोकरीला धाराशिवला, म्हणून आमच्या घरचं सभासदत्व माझ्या नावावर. बाकी बहुतेक घरी म्हशी बायका सांभाळायच्या, धारा बायका काढायच्या आणि सभासद पुरुष. दूध घातल्यावर गाडी येईपर्यंत थांबावं लागायचं. मी सातवी शिकलेली, म्हणून पेपर माझ्या हातात यायचा. आपली खरी ओळख त्या ओट्यावर झाली. मी बातमी वाचली की तुमचा प्रश्न ठरलेला, हे कुणी सांगितलं? मी म्हणायची, पेपरात आहे. तुम्ही म्हणायच्या, पेपराला कुणी सांगितलं? पहिल्यांदा मला वैताग यायचा. नंतर नंतर वाचायच्या आधीच मी बातमीत ते शोधायला लागले.

तुमचं सगळंच बरोबर असायचं असं नाही हं. रेडिओवर हायब्रीड ज्वारीचं सांगायचे, तेव्हा तुम्ही हट्टानं जुनंच पेरत राहिलात. डब्यातला माणूस कधी शेतात आला होता का, म्हणायच्या. शेजारच्या रानात कणसं लगडली आणि तुमच्या पोराचं तोंड एवढंसं झालं, तेव्हा ओट्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलंत की रेडिओ खरं बोलत होता, चूक माझी. आणि लगेच पुढं, पण त्या भाकरीला चव नाही हे रेडिओनं सांगितलं नव्हतं. आम्ही सगळ्या पोट धरून हसलो होतो.

एक गोष्ट मात्र मला खात होती. ओट्यावर आपण शेजारी बसायचो, पण तुमच्या घरी आले तर मला पाणी वरून ओतायच्या, आणि माझ्या दारात आलात तर घोटभर पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. एकदा मी विचारलंच. महाराजांना विचारलंत, पेपराला विचारता, रेडिओला विचारता, मग हे का पाळता, हे स्वतःला कधी विचारलंत का? तुमचा चेहरा उतरला. तुम्ही उठलात, रिकामी चरवी उचललीत आणि चालायला लागलात. पुढं कितीतरी दिवस तुम्ही दूध सुमनच्या हाती पाठवत होता. मला वाटलं, संपलं. एवढं बोलायला नको होतं.

मग एका दुपारी माझ्या दारात येऊन बसलात. ऊन मी म्हणत होतं. म्हणालात, चहा ठेव. मी बघतच राहिले.

"लई इचार केला, विमल," तुम्ही म्हणालात. "आईनं सांगितलं म्हणून पाळत व्हते. आईला कुणी सांगितलं ते आईला तरी कुटं ठावं व्हतं."

चहा बशीत ओतून फुंकर मारत प्यायलात. माझी सासू दाराआड उभी राहून बघत होती. तुम्ही गेल्यावर ती बाहेर आली आणि ती बशी तिनं बराच वेळ धुतली नाही, तशीच हातात घेऊन बसली. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

वरच्या आळीत तुम्हाला बोलणी बसली. तुमच्या जावेनं काही महिने तुमच्याकडचं पाणी प्यायचं बंद केलं. तुम्ही त्याबद्दल माझ्याजवळ एक शब्दही काढला नाहीत, मला सुमनकडून कळलं. माणूस एखाद्या गोष्टीवर इतके दिवस विचार करू शकतं आणि मग ठरवलेलं असं गुपचूप निभावू शकतं, हे मी तुमच्यात बघितलं. मला झटक्यात उत्तर द्यायची सवय होती. ती तुमच्यामुळं थोडी मोडली.

आणि मग ती निवडणूक. सोसायटीची. साहेबांनी आपलं पॅनल उभं केलं आणि त्यात पुतण्याला घेतलं. त्या पुतण्याला सकाळी उठवायलाच दुसरं माणूस लागायचं, तो काय दुधाचं बघणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तुम्ही साहेबांच्या घरी जाऊन सांगितलंत की पॅनल करा, पण त्यात धारा काढणारी एक तरी बाई घ्या. त्यांनी तुम्हाला बसायला पाट दिला, चहा दिला आणि पुढच्या वेळी बघू म्हणाले. त्याच सुमारास दूध ठेवायच्या नव्या खोलीचं उद्घाटन झालं, आपल्याला पेढे वाटले, रांगेत उभं करून फोटो काढला. थोड्या दिवसांनी तो फोटो पेपरात आला. मी नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला घेतलं. वर लिहिलं होतं की गावातल्या महिला दूध उत्पादकांचा साहेबांच्या पॅनलला एकमुखी पाठिंबा. वाचता वाचता माझा आवाज खाली आला.

तुम्ही पेपर हातात घेतलात. फोटोवर बोट ठेवलंत.

"तोंड तर माझंच हाय," म्हणालात. "बोललं कोण?"

पाठोपाठ निरोप आला की सगळ्या सभासदांनी देवळात जमायचं. तिथं पाटावर तुळजापूरच्या देवीची परडी मांडली होती, कवड्यांची माळ, भंडारा, नारळ. एकेकानं परडीवर हात ठेवायचा आणि पॅनल सोडून मत देणार नाही म्हणायचं. आमच्या वस्तीला त्यातून सूट होती. आमचं आम्ही बघणार होतो. मी आणि आमच्यातल्या एकदोघी लांब पारावर बसून बघत होतो, आणि खरं सांगते, मनात हसत होतो.

तुमची पाळी आली. तुम्ही तर देवीच्या आराधी. मंगळवारी, शुक्रवारी स्वतः परडी घेऊन पाच घरं जोगवा मागणाऱ्या. सगळ्यांना वाटलं, या तर सगळ्यांच्या आधी हात ठेवतील. तुम्ही परडीला वाकून नमस्कार केलात, भंडारा कपाळाला लावलात आणि हात मागं घेतलात. साहेब शेजारीच उभे होते. ते हळूच म्हणाले, अक्का, हात ठेवा. तुम्ही शांतपणे सांगितलंत.

"साहेब, परडी जोगवा मागाया असती. मतं मागाया न्हाय."

साहेबांचा चेहरा लाल झाला. म्हैस मिळवून द्यायला आम्ही, सोसायटी आणायला आम्ही, असं काहीसं ते बोलले. तुम्ही म्हणालात, ते खरं आहे, त्यासाठी जन्मभर तुमचं नाव घेईन, पण देवीचं नाव कशाला मधे घालता. आणि पायऱ्या उतरून निघून गेलात. तुमच्यामागं ज्या दोघीतिघी उभ्या होत्या त्यांनी हात ठेवले, पण तोंडातल्या तोंडात काय पुटपुटल्या ते त्यांनाच माहीत.

संध्याकाळी मी तुमच्याकडं आले, कौतुक करायला. म्हणाले, आमच्यात बरं आहे, असली शपथ नाही. तुम्ही चूल पेटवत होता. तुमच्यात काय झालं, म्हणून विचारलंत. मी सांगितलं, तात्यांनी, म्हणजे आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या पुढाऱ्यांनी, विहारात सगळ्यांना बसवलं, मेणबत्ती लावली आणि मतं पॅनलला द्यायची असा वस्तीचा शब्द साहेबांना दिलाय, त्या बदल्यात साहेब विहारावर पत्रे टाकून देणार आहेत. तुम्ही फुंकणी खाली ठेवलीत.

"तात्या काय म्हणायलेत ते कळलं," म्हणालात. "तू काय म्हणतीस?"

मी म्हटलं, वस्तीला एकीनं राहावं लागतं, आम्ही थोडे आहोत, तुमच्यासारखं एकटं चालणं आम्हाला परवडत नाही. ते खोटं नव्हतं, अक्का. आजही नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, आमच्याकडं परडी, तुमच्याकडं मेणबत्ती, शब्द तोच की. मी चिडले. विहार आणि परडी एक नाही, आमच्या माणसांनी काय सोसून देव सोडले ते तुम्हाला कळायचं नाही, असं बरंच बोलले. तुम्ही म्हणालात, व्हय, ते मला कळायचं न्हाय. पण 'शब्द तोच' हे काही मागं घेतलं नाहीत. हा वाद आपण पुढं किती वेळा घातला आणि दर वेळी तिथंच अडकलो. आपल्या लोकांबरोबर राहणं आणि आपल्या लोकांच्या डोक्यानं चालणं, यातली रेघ नेमकी कुठं ओढायची, ते मला अजून सापडलेलं नाही. तुम्हालाही सापडलं नव्हतं, असं वाटतं. तुम्ही फक्त मला त्या रेघेपाशी नेऊन उभं केलंत.

मतदानाच्या तोंडावर तुमची म्हैस आजारी पडली. गळा सुजला, ताप चढला, घशातून घरघर यायला लागली. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, घटसर्प आहे, उशीर झालाय. गाव म्हणालं, परडीचा कोप. तुम्ही डॉक्टरचं इंजेक्शन दिलंत आणि देवीपुढं तेलाचा दिवाही लावलात. मी गोठ्यात तुमच्याजवळ बसले होते. तुम्ही म्हशीच्या कपाळावर हात फिरवत मला विचारलंत, कोप असंल का गं? मी ठामपणे म्हटलं, नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, तुला कसं ठावं? त्या दिवशी तुमचा हात म्हशीच्या कपाळावरून निघत नव्हता. तुम्ही भ्यायला होता. तुम्ही कशाला भीत नव्हता असं लोक आता म्हणतात, तेव्हा मला तो हात दिसतो.

म्हैस गेली. त्या पंधरवड्यात गावात आणखीही जनावरं दगावली, शपथ घेतलेल्यांचीही, पण बोलणं झालं ते तुमच्याच म्हशीचं. जावेनं येऊन सांगितलं, अजून वेळ गेली नाही, देवळात जाऊन हात ठेवून या. सुमनही घाबरली होती. पोर तिचं लहान. तीही म्हणाली, आत्याबाई, ठेवा की हात, काय जातंय आपलं. तुम्ही दिवसभर रिकाम्या दावणीजवळ बसून होता. मग सुमनला जवळ बोलावलंत, मलाही बोलावलंत.

"मी जिला वळखते," तुम्ही म्हणालात, "ती देवी म्हशीवर राग काढणारी न्हाय. तेवढी ल्हान न्हाय ती."

एवढंच. उठून तोंड धुतलंत आणि दुसऱ्या दिवशी जाऊन मत दिलंत. मला देवी नाही, कोप नाही, त्यामुळं न भिणं मला सोपं होतं. तुम्ही मानत होता, भीत होता, आणि तरी आपल्या मनाशी जे ठरलं त्यावर उभ्या राहिलात.

पॅनल आलं, साहेब पुन्हा चेअरमन झाले. पुतण्या मात्र पडला. कुणी कुणाला मत दिलं ते कुणीच बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या बायका एकमेकींकडं बघून अशा गालात हसत होत्या की मला कळलं, देवळातल्या त्या पुटपुटण्यात बरंच काही गेलं होतं. पुढच्या निवडणुकीत साहेबांनी स्वतःहून पॅनलमध्ये एक बाई घेतली. तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात, मला सभेत बसून मान हलवता येत नाही.

मी मत कुणाला दिलं, हे तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत. तुम्ही विचारावं म्हणून मी किती दिवस वाट बघितली. आज सांगते. साहेबांना दिलं, कारण सोसायटी त्यांनीच उभी केली हे मला पटत होतं. पुतण्याला दिलं नाही. वस्तीचा शब्द तेवढा मोडला. विहारावर पत्रे पडले. आणि तात्या वर्षभरानं एकदा सहज बोलून गेले की पुतण्याला मत देताना त्यांचाही हात अडखळला होता. मी माझं त्यांना सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल, बोलायचं होतंस. हो, बोलायचं होतं.

गेल्या महिन्यात तुम्हाला धाराशिवच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी दुपारच्या गाडीनं आले. गाडीच्या पाटीवर उस्मानाबाद लिहिलेलं असलं तरी तुम्ही शेवटपर्यंत धाराशिवच म्हणायच्या. आमच्या आजानं तेच सांगितलं होतं, असं म्हणून स्वतःच हसायच्या. तुम्ही खूप वाळला होता. उशाशी देवीचा भंडारा होता, पुडीत. आवाज बारीक झाला होता, पण वाद घालायची खुमखुमी तीच. मी पायाला हात लावला तर म्हणालात, खरं सांग, मेल्यावर काहीच नसतं असं तुला वाटतं ना? मी घुटमळले. अशा वेळी कुणी असं बोलतं का. तुम्ही माझं मनगट धरलंत, खोटं बोलू नको म्हणालात. मग मी म्हटलं, हो अक्का, मला तसंच वाटतं. तुम्ही मान हलवलीत, जराही वाईट न वाटता. म्हणालात, मला तर वाटतं आई न्यायला येणार. सुमन रडायला लागली. तुम्ही तिला गप्प केलंत. मग तुमच्या ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलं.

"दोघीत खरं कोण ते आदी मलाच कळंल, विमल," तुम्ही म्हणालात. "पर तुला सांगाया येता यायचं न्हाय. तुझं तू बघ."